शंखपुष्पी म्हणून आलेल्या तीन पिशव्या : प्रकल्प नोंदी

२८ जून

काम काय ते आधी लिहून ठेवते. शंखपुष्पी या नावाने पुण्यात जो सुका माल मिळतो तो नक्की कोणत्या वनस्पतीचा, हे अंतर्रचना आणि डीएनए अशा दोन्ही वाटांनी ठरवायचं. निमित्त ओळखीच्या एका वैद्यांचं. दर खेपेला काढ्याचा रंग वेगळा येतो, चवही, अशी त्यांची तक्रार. आमच्या विभागात सूक्ष्मदर्शक चांगले आहेत, एक जुनं पण चालू पीसीआर यंत्र (डीएनएच्या नेमक्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं) आहे, आणि प्रकल्पाच्या शोधात असलेली तिसऱ्या वर्षाची दोन मुलं आहेत.

दावेदार तीन. आयुर्वेदिक औषधिकोशात शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्हुलस प्लुरिकॉलिस. तिचं आजचं ग्राह्य नाव कॉन्व्हॉल्व्हुलस प्रॉस्ट्रेटस, फोर्सकॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १७७५ सालच्या ग्रंथातलं. फुलं पांढरी ते फिकट गुलाबी. दुसरी विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्हुलस ॲल्सिनॉइडिस. इवलीशी निळी फुलं, पावसाळ्यात वेताळ टेकडीवर पायाखाली येते. तिसरी गोकर्ण, क्लिटोरिया टर्नेटिया. केरळात शंखपुष्पी म्हणून हिलाच मान आहे. पहिल्या दोघी एकाच कुळातल्या, गोकर्ण मात्र शेंगावर्गीय. पहिल्या दोघींचा घोळ आजचा नाही. लिनियसने १७५३ साली विष्णुक्रांतेलासुद्धा कॉन्व्हॉल्व्हुलसमध्येच घातलं होतं, १७६२ साली बाहेर काढून आजचं नाव दिलं.

१ जुलै

नमुने गोळा केले. पिशवी क्र. १ वैद्यांकडची, पंचांग (मूळ, खोड, पान, फूल, फळ सगळं एकत्र). पिशवी क्र. २ रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून, तीही पंचांग. पिशवी क्र. ३ बंद पाकिटातलं चूर्ण. दुकानदारांना विचारलं, "काका, हिची फुलं निळी असतात की पांढरी?" ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे येते तेव्हा सगळी तपकिरीच असते." याच्यावर काय बोलणार?

प्रत्येक पिशवीतला अर्धा माल न वापरता, सही-तारीख घालून कपाटात ठेवला. उद्या निकालावर वाद झाला तर हाच कामाला येणार.

५ जुलै

संदर्भ नमुने. ओळख पक्की असलेली झाडं हाताशी नसतील तर पुढचं सगळं हवेत, म्हणून हे आधी. टेकडीवरून विष्णुक्रांतेच्या फुलांसकट दोन फांद्या घेतल्या. उपटली नाही, मुळाचं काम पिशवीतल्या मुळांवर भागतं. गोकर्ण कॉलेजच्या कुंपणावरच आहे. खरी अडचण कॉन्व्हॉल्व्हुलसची, कारण हा माल मुख्यतः राजस्थान-गुजरातकडच्या कोरड्या जमिनीतला. जोधपूरच्या एका परिचित प्राध्यापिकांना फोन केला. त्या दाबलेला नमुना आणि सिलिका जेलमध्ये वाळवलेली पानं पाठवणार आहेत.

पावसाळ्यात हर्बेरियम (दाबून वाळवलेल्या झाडांच्या शीटचा संग्रह) करणाऱ्यांसाठी: रोज वर्तमानपत्र बदललं तरी आमच्या पहिल्या शीटवर बुरशी आलीच. मग मामांनी (आमचे प्रयोगशाळा मदतनीस) जुन्या खोक्यात ६० वॅटचा दिवा लावून दाबपेटी त्यावर ठेवली. तेव्हापासून त्रास नाही. डीएनएसाठीची पानं मात्र या उबेला लावायची नाहीत, ती थेट सिलिकात. सिलिका निळ्याची गुलाबी झाली की ओव्हनमध्ये भाजून परत निळी करायची. पुण्याच्या जुलैत ती दुसऱ्या दिवशीच गुलाबी होते.

१० जुलै

जोधपूरचं पार्सल आलं. तिन्ही संदर्भ शीट घेऊन कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात गेलो आणि तिथल्या हर्बेरियमशी ताडून घेतलं. शंका उरली नाही. मुलांना कुकच्या 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'मधली किल्ली (लक्षणं पायरीपायरीने तपासत झाड ओळखायची यादी) वापरायला लावली. ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यानचा, कुक स्वतः इथल्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. सव्वाशे वर्षांपूर्वीची किल्ली अजून कुलूप उघडते. इव्हॉल्व्हुलसला दोन कुक्षीवृंत (फुलातल्या स्त्रीकेसराचे देठ), प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे. कॉन्व्हॉल्व्हुलसला एकच कुक्षीवृंत आणि टोकाला दोन कुक्षी (पराग धरणारे भाग). हे भिंगातून दिसतं, सूक्ष्मदर्शकही लागत नाही.

१२ जुलै

म्हणून आधी फुलंच शोधायची ठरवली. पिशवीतला माल ट्रेमध्ये पसरून चिमट्याने कळ्या आणि सुकी फुलं वेचली. कोरडं फूल उघडायला गेलं की भुगा होतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून फुलं त्यात तासभर ठेवली, मग सुईने उघडली.

पिशवी क्र. २ मधली उघडता आली ती सगळी फुलं चार फाट्यांची. म्हणजे विष्णुक्रांता. पिशवी क्र. १ मध्ये फुलं कमी, बहुतेक एका कुक्षीवृंताची, पण त्यातच एक चार फाट्यांचं निघालं. चूर्णात फूल कुठून मिळणार?

परागकण ग्लिसरीन जेलीत सॅफ्रॅनिन (लाल रंगद्रव्य) घालून पाहिले. कॉन्व्हॉल्व्हुलसच्या परागावर तीन खाचा, इव्हॉल्व्हुलसच्या परागावर सगळीकडे पसरलेल्या अनेक खाचा. फुलांवरून निघालेलं उत्तरच परागांनीही दिलं. पुस्तकात सांगितलेलं ॲसिटोलिसिस (आम्लांनी पराग स्वच्छ करणं) केलं नाही. त्याला लागणारं ॲसिटिक अनहायड्राइड नियंत्रित रसायन आहे, परवान्याच्या कागदपत्रांत अख्खं सत्र गेलं असतं. नुसत्या खाचा मोजायला जेली पुरते.

१५ जुलै

खोडाचे आडवे छेद. सुकं खोड ब्लेडखाली चुरतं, म्हणून रात्रभर पाणी-ग्लिसरीनमध्ये भिजवलं. इतकं बारीक खोड नुसतं हातात धरून कापता येत नाही, भेंडाच्या गाभ्यात चीर पाडून त्यात बसवायचं. मुलांनी गाजर वापरून पाहिलं, पण गाजराच्या पेशीच छेदावर येऊन गर्दी करतात. बाशिंगवाल्याकडून भेंड आणला, काम नीट झालं.

बघायचं होतं ते एवढंच: काष्ठाच्या आतल्या बाजूला, गाभ्याला लागून, परिकाष्ठ (अन्न वाहून नेणारी ऊती) आहे का. कॉन्व्हॉल्व्हुलेसी कुळाच्या खोडात ते असतं, गोकर्णाच्या खोडात नसतं. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने काष्ठ लाल झालं की त्याच्या आत न रंगलेले, बारीक भिंतींच्या पेशींचे पुंजके उठून दिसतात. पिशवी १ आणि २ मधल्या तपासलेल्या सगळ्या तुकड्यांत ते होते. म्हणजे या दोन पिशव्यांपुरता गोकर्णाचा प्रश्न मिटला. उरलेल्या दोघींना एकमेकींपासून वेगळं करायला मात्र हा छेद कामाचा नाही. इथे दिवसच्या दिवस घालवू नका.

१८ जुलै

हे काम करणाऱ्याने एकच नोंद वाचायची असेल तर ही वाचावी.

दोन्ही वनस्पती केसाळ आहेत, नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच रुपेरी दिसतात. पण केसाची घडण वेगळी. कॉन्व्हॉल्व्हुलसचा केस साधा: खाली आखूड बुडाची पेशी, वर एक लांब, टोकदार पेशी. इव्हॉल्व्हुलसचा केस दोन बाहूंचा: खाली छोटा देठ, त्यावर आडवी पडलेली पेशी, देठाच्या एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड. पान सपाट ठेवून फोकस हळूहळू खाली नेला की आधी आडवा बाहू दिसतो आणि मग त्याच्या पोटाखालचा देठ. एकदा दिसला की विसरणं नाही.

पण वाळलेल्या मालात, चूर्णात तर हमखास, देठ तुटतो आणि बाहू सुटा पडतो. मग तो कॉन्व्हॉल्व्हुलसच्या सुट्या केसासारखाच दिसतो, आणि पहिल्या काचांवर आमचे निकाल त्यामुळेच रोज बदलत होते. दोघा मुलांनी एकच काच मोजली, आकडे जुळेनात. उपाय असा निघाला: केसाची दोन्ही टोकं बघायची. दोन्ही टोकं निमुळती असतील आणि मध्ये कुठेतरी देठाची बारीक गोल खूण असेल तर तो दोन बाहूंचा. एक टोक निमुळतं आणि दुसरं बोथट, तुटलेलं असेल तर साधा. एकच टोक दिसत असेल तर तो केस मोजायचाच नाही. हा नियम भिंतीवर लावल्यावर दोघांचे आकडे जवळ आले.

पिशवी २: देठावर बसलेले दोन बाहूंचे केस, पानापानावर. पिशवी १: बहुतेक काड्यांवर साधे, मोजक्या काड्यांवर दोन बाहूंचे. एकाच काडीवर दोन्ही कुठेच नाहीत, म्हणजे माल मिसळलेला आहे.

२६ जुलै

चूर्ण. पाठ्यपुस्तक म्हणतं, तुकडे पारदर्शक व्हायला क्लोरल हायड्रेटमध्ये उकळा. ते मिळायला उशीर लागणार होता. कपडे धुण्याचं पांढरं ब्लीच पाण्यात निम्मं करून वापरलं. हिरवा-तपकिरी रंग झटकन जातो, पण जास्त वेळ ठेवलं तर बाह्यत्वचा विरघळू लागते आणि केस सुटून वाहून जातात. रंग उतरताना दिसला की लगेच पाण्याने तीनदा धुवायचं, मग ग्लिसरीन. खर्च जवळजवळ शून्य.

चूर्णात दोन्ही प्रकारचे केस. एखाददुसरा चुकून आलेला म्हणावा असं नाही, प्रत्येक काचेवर दोन्ही.

मुलांनी विचारलं, "मॅडम, उत्तर मिळालं की. मग डीएनए कशाला?" प्रश्न रास्त आहे. केसांवरून इव्हॉल्व्हुलस की कॉन्व्हॉल्व्हुलस एवढं कळलं. पण पिशवी १ मधली कॉन्व्हॉल्व्हुलस ही प्रॉस्ट्रेटसच की तिची दुसरी एखादी बहीण, हे केसावरून छातीठोक सांगता येत नाही.

२ ऑगस्ट

डीएनए काढायला घेतला. नेहमीची सीटॅब (पेशी फोडून डीएनए मोकळा करणारं डिटर्जंट) पद्धत: २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, ६५ अंशांवर तासभर, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१. पिशवीतून मूठभर माल दळला नाही, एकेक काडी वेगळी घेतली आणि तिचा उरलेला तुकडा त्याच क्रमांकाने पाकिटात ठेवला. डीएनए आणि केस एकाच काडीचे असले तरच दोन्ही निकाल एकमेकांना जोडता येतात.

आयसोप्रोपेनॉल घातल्यावर डीएनएच्या धाग्यांऐवजी नळीच्या तळाशी साबुदाण्याच्या पेजेसारखा चिकट गोळा. नॅनोड्रॉप या शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर २६०/२८० हे गुणोत्तर बरं, पण २६०/२३० एकच्याही खाली. म्हणजे शर्करा आणि फिनॉल भरपूर. हट्टाने तसाच पीसीआर लावून पाहिला. जेल (जिच्यावर डीएनए पट्टीच्या रूपात दिसतो) कोरी. टेकडीवरच्या ताज्या पानाची पट्टी तेवढी आली.

९ ऑगस्ट

शर्करा आधीच धुऊन काढल्या. पूड केल्यावर, सीटॅबच्या आधी, सॉर्बिटॉलच्या द्रावणात (फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी आणि थोडं मर्कॅप्टोइथेनॉल घालून) हलवायची, सेंट्रिफ्यूज करायची, वरचं बुळबुळीत पाणी ओतून द्यायचं. पाणी बुळबुळीत राहीपर्यंत पुन्हा पुन्हा. सीटॅबमधलं मीठ २ मोलरपर्यंत वाढवलं. मर्कॅप्टोइथेनॉल धुराड्याखालीच (फ्यूम हूडमध्ये) उघडा. एकदा बाहेर उघडलं गेलं आणि शेजारच्या विभागातून गॅस गळतीची चौकशी आली.

गुणोत्तर सुधारलं, डीएनए कमी पण स्वच्छ. तरी काही नळ्या रुसलेल्याच होत्या. त्यांना दोन उपाय चालले: डीएनए दहापट पातळ करणे, आणि मिश्रणात बीएसए हे प्रथिन घालणे. डीएनए कमी घातल्यावर पट्टी येते यावर मुलांचा विश्वास बसत नव्हता. पण पातळ करताना अडथळा आणणारं द्रव्यही पातळ होतं, आणि नडत होतं ते तेच.

१८ ऑगस्ट

आरबीसीएल जनुकाचा सुमारे ६०० बेसचा तुकडा, २००९ पासून वनस्पतींच्या बारकोडसाठी (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून ओळख) मॅटके या दुसऱ्या जनुकासोबत शिफारस झालेला. सगळ्या काड्यांच्या पट्ट्या आल्या. दोन्ही बाजूंनी अनुक्रम (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) वाचून घेतला. एका वाचनाला ४०० रुपयांच्या आसपास, म्हणजे एका काडीला ८००. इथेच खर्च वाढतो, म्हणून पाठवायच्या काड्या केस पाहून निवडल्या.

निकाल केसांशी तंतोतंत जुळला. पण पिशवी १ च्या काड्यांना जेनबँकेत (डीएनए अनुक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात) कॉन्व्हॉल्व्हुलसच्या एकापेक्षा जास्त जाती सारख्याच गुणांनी जुळतात. आरबीसीएलने प्रजातीच्या (जीनसच्या) दारापर्यंत आणून सोडलं. जातीसाठी (स्पीशीजसाठी) आयटीएस हा डीएनएचा जास्त बदलणारा तुकडा हवा.

२६ ऑगस्ट

आयटीएस-१ आणि आयटीएस-४ ही प्रायमरची (पीसीआरने कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) जोडी फ्रीझरमध्ये होतीच, तीच वापरली. झकास, जाड, एकेरी पट्ट्या. उद्या गणपती, कुरिअर बंद व्हायच्या आत नमुने पाठवून दिले.

४ सप्टेंबर

निकाल आला. टेकडीवरची विष्णुक्रांता बरोबर. जोधपूरची बरोबर. पिशव्यांमधल्या बहुतेक काड्या ब्लास्टमध्ये (अनुक्रम जेनबँकेशी ताडणारा प्रोग्राम) ॲस्परजिलस आणि क्लॅडोस्पोरियम. औषधी वनस्पती शोधायला निघालो आणि बुरशी वाचून आलो, तीही रोख पैसे मोजून.

कारण साधं आहे. ही जोडी १९९० साली मुळात बुरशीसाठीच प्रसिद्ध झाली. वनस्पतीवर चालते, पण सुक्या, दमट गोदामातून आलेल्या मालात झाडाचा डीएनए तुटका आणि बुरशीचा ताजा, मग प्रायमर बुरशीलाच जास्त गाठतात. जेलचा फोटो पुन्हा काढून पाहिला. पिशवीतल्या काड्यांच्या पट्ट्या टेकडीच्या पट्टीपेक्षा किंचित खाली आहेत. बुरशीचा हा तुकडा बहुधा आखूड असतो. संदर्भ नमुना शेजारच्याच खाचेत लावावा तो यासाठी. पट्टी आली एवढं पुरेसं नाही, ती शेजारणीच्या रेषेत आहे का हे पट्टी ठेवून बघायचं.

वनस्पतींसाठी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले आयटीएस-पी५ आणि आयटीएस-यू४ हे प्रायमर मागवले, शिवाय तुटक्या डीएनएसाठी फक्त आयटीएस-२ पुरता पी३. तिन्ही मिळून १,००० रुपयांच्या आत. हे जूनमध्ये मागवले असते तर वाचनाचे पैसे वाचले असते.

१९ सप्टेंबर

नव्या प्रायमरने पट्ट्या फिकट, पण योग्य उंचीवर. पिशवी २: विष्णुक्रांता, शंका नाही. पिशवी १ च्या साध्या केसांच्या काड्या आमच्याच जोधपूरच्या नमुन्याशी पूर्ण जुळल्या. मुद्दाम जेनबँकेवर न थांबता स्वतःच्या नमुन्याशी ताडलं. तिथे हीच वनस्पती प्लुरिकॉलिस आणि प्रॉस्ट्रेटस अशा दोन्ही नावांनी आहे, आणि प्रत्येक नोंदीमागची शीट कुणी पाहिली हे कळायला मार्ग नाही. आमच्या शीटवर कुठल्या हर्बेरियममध्ये, कधी ताडली ते लिहिलेलं आहे.

चूर्णाचा आलेख मात्र गिचमिड. जागोजागी एकावर एक दोन शिखरं. आयटीएसच्या एकाच झाडात अनेक प्रती असतात आणि त्या कधी कधी थोड्या वेगळ्या असतात, म्हणून आधी तोच संशय घेतला. मग चूर्णाचा आरबीसीएलही वाचून घेतला. तिथेही दुहेरी शिखरं, आणि नेमकी त्याच जागी जिथे आमच्या दोन संदर्भ वनस्पतींची अक्षरं वेगळी आहेत. म्हणजे मिश्रणच. आम्ही वापरलेल्या सँगर पद्धतीने मिश्रण सुटं करता येत नाही. एक तर तुकडे क्लोन करून एकेक वाचायचे, नाही तर सगळे एकदम वाचणाऱ्या यंत्राकडे पाठवायचे. दोन्ही आमच्या खिशाबाहेर. जे जुलैत ब्लीच आणि ग्लिसरीनने दिसलं होतं, तेच इथे हजारो रुपये घालून अर्धवट दिसलं. पुढच्या वेळी मिश्र चूर्ण अनुक्रमासाठी पाठवणार नाही.

२२ सप्टेंबर

वैद्यांना बोलावून सगळं दाखवलं. पिशवी १ मुख्यतः औषधिकोशातली शंखपुष्पी, थोडी विष्णुक्रांता मिसळलेली. पिशवी २ पूर्ण विष्णुक्रांता. पिशवी ३ दोन्ही. त्यांनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ डोकावून विचारलं, "विष्णुक्रांताही मेध्य (बुद्धिवर्धक) म्हणून वापरतातच, मग बिघडलं काय?" गुण कोणाचा किती, हे सांगणं आमच्या कामात बसत नाही, ते मी सांगितलं नाही. पण पिशवीवर एक नाव आणि आत दुसरी वनस्पती असेल तर काढ्याचा रंग बदलल्यावर दोष कुणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. हे त्यांना पटलं. आता ते माल घेताना दहापट भिंग खिशात ठेवतात आणि दुकानातच फूल भिजवायला वाटी मागतात. दुकानदार वैतागलेत म्हणे.

खर्चाचा ढोबळ अंदाज: सूक्ष्मदर्शकाचं सगळं काम, भेंड आणि ब्लीच धरून, हजार रुपयांच्या आत. अनुक्रमांवर त्याच्या कितीतरी पट, त्यातला मोठा वाटा बुरशीवर.

२७ सप्टेंबर

राहिलेलं काम. चूर्णात कोणाचं प्रमाण किती? मुलांना केसांच्या संख्येवरून टक्के काढायचे आहेत. तसं सरळ चालणार नाही, कारण दोन्ही वनस्पतींवर केसांची दाटी सारखी नाही, आणि मुळांवर तर हे केस नसतातच. आधी ओळख पक्की असलेला माल २५, ५० आणि ७५ टक्के अशा वजनी प्रमाणात स्वतः मिसळायचा, त्याच्या काचा मोजायच्या, आणि मग पाकिटातल्या चूर्णाशी तुलना. मोजणाऱ्याला कोणती काच कोणत्या प्रमाणाची हे सांगायचं नाही. दळायला घरचा मिक्सर मिळणार नाही असं मला घरी स्पष्ट सांगण्यात आलं आहे. सोमवारी मामा विभागाचा खलबत्ता घासून ठेवणार आहेत.